बॅगेत न मावणारा कॉम्प्युटर

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक काटा लटकतो. बॅग तोलायचा. हुक अडकवायचा, बॅग उचलायची, आकडा बघायचा. मस्कतमधल्या वादी अदाईतल्या आमच्या बिल्डिंगमधून गावाला जाणारा जो तो हा काटा मागायला येतो, आणि आमचे हे नुसता काटा देत नाहीत, स्वतः मागोमाग जातात. बॅग भरावी तर जनार्दन साळव्यांनी, असं सगळ्यांचं मत. साबणाच्या वड्या खोक्यातून काढा, तेवढंच वजन वाचतं. बदाम डब्यात कशाला, मोज्यांत भरा. उभं आयुष्य ओमानात काढून या माणसानं कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी वर-खाली करून तिचं वजन बघितलं. माझ्यासाठी मिक्सर घ्यायला गेलो तेव्हा दुकानातला एकेक मिक्सर झुलवून बघत होते. मी म्हटलं, "अहो, मला वाटण वाटायचंय त्यात. कुणाला फेकून मारायचा नाहीये!" तर म्हणाले, "आज ना उद्या गावी न्यायचाच आहे ना?"

इथली प्रत्येक वस्तू आज ना उद्या गावी न्यायची. विमानाच्या तीस किलोंत बसली तर आपली, नाही बसली तर दुकानदाराची. आमच्या संसाराचा हाच नियम.

आणि असा हा माणूस रुवीतल्या दुकानात उभा राहून साईसाठी वासराएवढा कॉम्प्युटर निवडतो, आणि एकदाही वजन विचारत नाही! तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

साई आमचा एकुलता एक. तो झाला तेव्हा हे सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, कंपनीच्या खोलीवर सहा-सात जणांत राहत. मी देवरुखला सासरी. पोरगं चालायला लागलं ते यांनी फोनवर ऐकलं, पहिला दात पडला तोही फोनवरच. फॅमिली व्हिसा हातात येईपर्यंत साई तिसरीत गेला होता. मस्कतच्या विमानतळावर यांनी त्याच्याकडे हात पुढे केले तर तो माझ्या ओढणीमागे लपला. ते यांच्या मनातून अजून गेलेलं नाही. कधी काही बोलत नाहीत, पण मला कळतं. मला पूर्ण मुलगा मिळाला आणि यांच्या वाट्याला अर्धाच आला.

साईचं कॉलेज संपलं आणि घरात घोर लागला. मुलगा मोठा झाला की बापाच्या व्हिसावर राहता येत नाही. एक तर कुणा कंपनीनं घ्यावं, नाहीतर देश सोडावा. साई ॲनिमेशन शिकलेला. माणसं, गाड्या, डोंगर असं सगळं कॉम्प्युटरच्या आत घडवायचं आणि मग हलतं-बोलतं करायचं. त्याचं काम पुण्यातल्या एका स्टुडिओला आवडलं होतं. 'ये' म्हणाले होते.

आता बघा गंमत. पोटासाठी गाव सोडून आम्ही इकडे आलो आणि पोरगा आम्हाला इथं ठेवून तिकडे निघालेला. पुणं म्हणजे काय परदेश आहे का? आपलंच की! पण आमचे हात-पाय इथं अडकलेले. यांची नोकरी इथं, घराचं कर्ज फिटायचंय, माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायका इथं. मलाही साई जवळ हवा होता, उगाच खोटं कशाला बोलू? त्याच्या ताटात पोळी वाढण्याशिवाय मला दुसरं सुख माहीत नाही.

यांनी मग हालचाल केली. शिरीष म्हणून यांचे एक मित्र आहेत, त्यांचं जाहिरातींचं ऑफिस आहे. त्यांच्याकडे साईची नोकरी आणि व्हिसा दोन्ही जमवलं. आणि साईला म्हणाले, "संध्याकाळी घरी बसून तुझं ते काम कर. मी तुला कॉम्प्युटर करून देतो. बाजारात असेल त्यातला एक नंबर."

साई तोवर एका जुन्या लॅपटॉपवर काम करायचा. तो इतका तापायचा की मी खाली स्टीलचं ताट उलटं घालून द्यायची. एक नंबरचा कॉम्प्युटर म्हटल्यावर पोराचे डोळे चमकले. पुण्याला त्यानं तूर्तास येत नाही असं कळवलं.

रुवीच्या गल्लीत सकलैनचं दुकान आहे. तो मूळचा दापोलीकडचा, राहतो हमरियात, आणि कॉम्प्युटरचे पार्ट विकतो, जोडूनही देतो. आम्ही तिघं गेलो. साईनं मोबाइलवर त्याला एक चित्र दाखवलं. चपलांच्या खोक्यापेक्षा थोडा मोठा कॅबिनेट, वर धरायला मूठ.

"आई, लुक! हा केबिन बॅगमध्ये फिट होतो. मी कुठे पण घेऊन जाऊ शकतो."

'कुठे पण' म्हटल्याबरोबर यांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

"एवढ्याशा डबीत काय मावणार?" हे म्हणाले. "सकलैन, तुझ्याकडचं सगळ्यात मोठं ग्राफिक्स कार्ड काढ."

सकलैननं मागून एक खोकं आणलं. आतून जी वस्तू निघाली ती माझ्या पोळपाटापेक्षा लांब, वर तीन पंखे. "साईचं सगळं काम याच्यावर चालणार, वहिनी," त्यानं मला समजावलं. "चित्र जितकं भारी, तितकं कार्ड भारी लागतं. पण भाऊ, हे त्या लहान डब्यात नाय बसायचं. लहान डबा पायजे तर लहान कार्ड घ्या. हे घेतलात तर मोठा कॅबिनेट आला."

"बोल साई," हे म्हणाले. "कुठलं?"

साईनं ते कार्ड दोन्ही हातांवर घेतलं, तान्हं पोर घ्यावं तसं. लहान डब्याचं चित्र मोबाइलवर तसंच उघडं होतं. त्यानं एकदा तिकडे बघितलं, एकदा कार्डाकडे. "पप्पा, आर यू शुअर? हे म्हणजे... हे टॉप आहे."

"मी विचारतोय कुठलं."

"हे," साई म्हणाला आणि त्यानं मोबाइल खिशात घातला.

तिथून पुढं गाडी थांबलीच नाही. कार्ड मोठं म्हणून त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मोठा. प्रोसेसर तापणार म्हणून पाण्यावर थंड होणारा कूलर, त्याचे पंखे वेगळे. हे चिलरचे मेकॅनिक, आयुष्य मॉल थंड ठेवण्यात गेलेलं, त्यामुळे पाण्याच्या नळ्या बघून खूश झाले. रॅम म्हणजे कामाच्या वेळची आठवण, म्हणे. हे म्हणाले, "चारी खाचा भर." साई म्हणाला, "नको पप्पा, चार लावले तर स्पीड कमी होतो. दोन मोठे बेस्ट." "बरं, मग दोन मोठ्यातले मोठे." शेवटी काम साठवायची डिस्क आली. च्युइंगमच्या पट्टीएवढी चपटी, हिरवी. साईनं तीही चांगली बघून घेतली. हे त्या वेळी कॅबिनेट ठोकून बघत होते, त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कॅबिनेटमध्ये एक हलका होता ॲल्युमिनियमचा आणि एक जाड पत्र्याचा, दोन बाजूंना काचा असलेला. यांनी पत्र्याचा घेतला.

सकलैन हसला. "भाऊ, हा भरला की उचलायला दोघं लागतील. उद्या गावाला न्यायचा म्हणालात तर कार्गोनंच, आणि काच वाटेत टिकते की नाही अल्ला जाणे."

"न्यायचाय कुणाला?" हे हळूच म्हणाले.

साईचं लक्ष नव्हतं, तो कार्डाचं खोकं वाचत होता. मी मात्र ऐकलं.

घरी आल्यावर मी यांना गॅलरीत गाठलं. "वजन नाही विचारलंत ते?"

"कामाची वस्तू आहे. तिचं वजन काय बघायचं?"

"हो का! आणि माझा मिक्सर काय शोभेचा होता?"

"जया, तू गप्प बस जरा." समोरच्या काळ्या डोंगराकडे बघत म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, आणि मनातल्या मनात वाटत होतं, होऊ दे, यांचं म्हणणं खरं होऊ दे.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर सकलैन हत्यारांची पिशवी घेऊन आला. हॉलमध्ये चादर अंथरली. साई आणि तो जोडत होते आणि हे टॉर्च धरून बसले होते, लग्नघरात काम न मिळालेल्या काकासारखे. सगळं जोडून झाल्यावर मी काचेवर कुंकवाचं बोट लावलं तर साई किंचाळला, "आई, पावडर! आत जाईल!" सकलैन म्हणाला, "लावू दे रे, बाहेरनं लावतायत." मग बटण दाबलं. पंखे फिरले, आतून निळे-जांभळे दिवे लागले, स्क्रीन उजळला. साई उठला आणि त्यानं यांना मिठी मारली. पोरानं बापाला मिठी मारणं आमच्या घरात तोवर झालेलं नव्हतं. यांच्या हातातला टॉर्च तसाच चालू राहिला.

पुढचे काही महिने फार चांगले गेले. ऑफिसातून आला की साई मशीनसमोर. कधी शेजारच्या जुनैदबरोबर गेम, बाकी वेळ काम. त्या धुडानं खोली तापायची, तर यांनी शिडी लावून एसीची जाळी बरोबर त्याच्या दिशेनं वळवून दिली. आणि ड्यूटीवरून आले की मागे पलंगावर बसून बघत राहायचे. यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण साई सांगायचा, "पप्पा, बघा, लाइट इथून येतो. म्हणून शॅडो तिकडे पडते." हे म्हणायचे, "हां, बरोबर." बसल्या बसल्या कधी डुलकी लागायची. साई मग आवाज कमी करायचा. दारातून ते दोघं दिसले की माझं पोट भरायचं.

मे महिन्यात जेवताना साईनं सांगितलं, पुण्याहून परत विचारणा आली आहे. या वेळी तो जाणार. शिरीषभाऊजींच्या ऑफिसात त्याला हॉटेलांची मेनूकार्डं आणि सेलचे बोर्ड करून वीट आला होता. "पप्पा, आय हॅव टू गो. तिथे मोठे लोक आहेत. मी शिकेन."

कुठल्याही बापानं म्हटलं असतं, जाऊ नकोस. रागावला असता, रडला असता. आमचे हे काय म्हणाले?

"आणि हा? हा कसा नेशील?"

बोट साईच्या खोलीकडे होतं. साईनं यांच्याकडे बघितलं, मग खोलीतल्या त्या दिव्यांकडे, मग माझ्याकडे. एरवी त्याचं मराठी इंग्रजीच्या कुबड्या घेऊन चालतं. त्या दिवशी एकही इंग्रजी शब्द आला नाही.

"म्हणून एवढा मोठा घेतला?"

हे भात कालवत राहिले.

"मला वाटलं, तुम्हाला माझं काम आवडतं."

तो ताटावरून उठून गेला. दार लागलं. "आवडतं रे," हे म्हणाले, पण ते ताटाला म्हणाले.

माझा तोल गेला. "आता बोलताय? वेळेवर दातखीळ बसते मेली! नको जाऊस म्हणा ना त्याला, तोंड दिलंय ना देवानं? की तेही वजनात बसत नाही?" मी भांडी आपटत राहिले आणि मग मोरीत तोंड धुतलं, तीन-चारदा.

जूनमध्ये तिकीट आलं. साईनं बॅग भरली, यांनी काटा लावला. आमच्या घरातली पहिली बॅग असेल जी कमी भरली. "अजून पुष्कळ जागा आहे," हे म्हणत राहिले. खजूर आणला, हलवा आणला, नवा टॉवेल आणला. "पप्पा, इनफ," साई म्हणाला. निघायच्या दिवशी दुपारी तो खोलीचं दार लावून आत काही खुडबुड करत होता. मला वाटलं, कपाट आवरतोय. बाहेर आला तेव्हा यांना म्हणाला, "मशीन इथेच असू दे, पप्पा. तिकडे स्टुडिओत आहेत."

यांचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

विमानतळावरून परतताना हे मला म्हणाले, "येईल तो."

"कशावरून?"

"सामान ठेवून गेलाय." आणि मग मला समजावून सांगायला लागले, जसं काही मी कालच मस्कतात उतरले. सोहारच्या खोलीवर हेच बघितलं म्हणे जन्मभर. सुट्टीवर जाणारा माणूस आपली गादी, पातेलं, ट्रंक खोलीवर ठेवून जातो. जो व्हिसा कॅन्सल करून कायमचा जातो, तो सगळं वाटून टाकतो, सुईसुद्धा मागे ठेवत नाही. सामान खोलीवर असलं की माणूस परत येणार हे ठरलेलं. "आणि पोरानं तर एवढं मोठं धूड ठेवलंय," हे म्हणाले. मी हो म्हटलं.

उन्हाळा सरेपर्यंत यांचा रोजचा नेम चालला. ड्यूटीवरून आले की मऊ फडक्यानं काचा पुसायच्या. पंख्यांच्या जाळीतली धूळ ब्रशनं काढायची. वादी अदाईत डोंगरावरून धूळ फार येते, दिवसाआड थर बसतो. मशीन चालू मात्र करायचे नाहीत. "त्याचं काम आहे आत, आपला हात लागून बिघडेल." साईचा फोन आठवड्याला यायचा. दिवाळीला येतोस का विचारलं की म्हणायचा, बघतो.

दसऱ्याला हे आपल्या हत्यारांची पूजा करतात. पाने, गेज, पकडी पाटावर मांडतात. यंदा पाट साईच्या खोलीत मांडला. गावाहून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून आपट्याची पानं मिळाली होती, झेंडू रुवीतून आणला. सकलैनलाही श्रीखंड-पुरी जेवायला बोलावलं होतं, तो आला. यांनी कॅबिनेटला हार घातला. काचेवर बाहेरून कुंकू लावलं, अगदी जपून. मग म्हणाले, "आज सुरू करतो. सणाच्या दिवशी बंद नको."

बटण दाबलं. पंखे फिरले. निळे-जांभळे दिवे लागले, हारातून उजेड आला. हे हात जोडून उभे. स्क्रीन काळाच राहिला आणि त्याच्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली. आम्ही थांबलो. ती ओळ तशीच.

"तापायला वेळ लागत असेल," हे म्हणाले.

सकलैननं ओळ वाचली आणि त्याचा चेहरा बदलला. "डिस्क सापडत नाही म्हणतोय, भाऊ." त्यानं मशीन बंद केलं, हार बाजूला केला, काच काढली, आत बोट घालून एक छोटं झाकण उचललं. खाली बारीक खाच होती, रिकामी. तिचा चिमुकला स्क्रू मात्र जागच्या जागी परत नीट लावलेला.

"साईनं डिस्क काढून नेली," सकलैन म्हणाला. "त्याचं सगळं काम तिच्यातच होतं ना. केलेलं सगळं, शिकलेलं सगळं. ती कुठल्याही मशीनला लावली की झालं."

"मग हे?" यांनी विचारलं. "हे बाकीचं?"

"हे आहेच की, भाऊ. चांगलं आहे. नवी डिस्क टाकली की चालेल, रिकामं."

हे पलंगाच्या कडेवर बसले, साई काम करायचा तेव्हा बसायचे तिथंच. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "वजन किती असतं तिचं?"

सकलैननं माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

"काय वजन, भाऊ," तो म्हणाला. "खिशात टाकली तर कळायचंसुद्धा नाही."

बॅगेत खजूर कोंबणारे हे, साबणाची खोकी सोलणारे हे, पोराच्या बॅगेला काटा लावून जागा आहे, जागा आहे म्हणणारे हे. त्याच वेळी ती पोराच्या खिशात होती. मला साईचा राग यायला हवा होता. नाही आला. त्यानं काय चोरी केली? स्वतःचं होतं ते नेलं, बापानं दिलं ते बापाला ठेवलं. पण यांच्याकडे मला बघवेना.

सकलैन काच बसवत होता तेवढ्यात माझा फोन वाजला. साईचा, व्हिडिओवर. मागे कुठली तरी पांढरी भिंत आणि दोन-चार पोरंपोरी हसत होती.

"हॅपी दसरा, आई! पूजा झाली?"

"झाली रे," मी म्हटलं. यांनी हात पुढे करून फोन मागितला. चष्मा सारखा केला, हसले.

"पप्पा, हॅपी दसरा. टूल्सची पूजा केली?"

"केली. तुझ्या मशीनची पण केली. हार घातला." हे थांबले. "सुरू केलं होतं आत्ता. मस्त चालतंय. एकदम फर्स्ट क्लास."

तिकडे पोरं हसतच होती. साई हसायचा थांबला. ते मशीन चालू शकत नाही हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर त्यालाच. तो बापाकडे बघत राहिला आणि बाप त्याच्याकडे. दोघांपैकी कुणी डोळे हलवले नाहीत.

"ओके, पप्पा," साई म्हणाला. "नीट ठेवा."

"हो, हो. रोज पुसतो."

यांनी फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "जेवलास का रे?"